स्टिकरवरचं कुंकू

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात एवढी वर्षं काढलीत, काही अनुभव लिहा." मी विचारलं, माणसावर जळण्याचा अनुभव चालेल का? ते म्हणाले, सणाचा अंक आहे, शक्यतो गोड लिहा. प्रयत्न करतो. पण माझ्या धंद्याची गोष्ट माझ्या साडूला वगळून सांगता येत नाही, आणि साडूबद्दल गोड बोलायची मला सवय नाही.

साडूचं नाव विलास. तो लातूरचा, मी नांदेडचा. त्याची बायको ही माझ्या बायकोची धाकटी बहीण. दोघांचा धंदाही एकच, कॉम्प्युटर विकायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे. फरक एवढाच की त्याच्या दुकानाला काचेचं दार आहे, आत गारवा आहे आणि गिऱ्हाईक सोफ्यावर बसतं. माझ्या दुकानाला लोखंडी शटर, आणि गिऱ्हाईक उभंच राहतं, कारण बसायच्या स्टुलावर कुणाच्या तरी कॉम्प्युटरचा उघडा डबा ठेवलेला असतो. ते काचेचं दार मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला दोन घास कमी गेले. मेहुणी वाढत होती, ती म्हणाली, "दाजी, भाजी आवडली न्हाई का?" भाजी चांगली होती.

आणि गंमत अशी, की हा साडू मी स्वतःच्या हातानं घरात आणला.

भूकंपानंतर पुनर्वसनाचं काम सुरू झालं तेव्हा गावोगावची माहिती कॉम्प्युटरवर चढवायला पोरं हवी होती. मला टायपिंग येत होतं, म्हणून मी नांदेडहून लातूरला गेलो. विलास औशाकडच्या एका खेड्यातला. एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघं एका मशीनवर बसायचो. तो कागदावरचं वाचायचा, मी टाइप करायचो. नाव, वय, घर किती खणांचं होतं, घरात माणसं किती होती, आता किती आहेत. तो शेवटचा रकाना आला की विलासचा आवाज बारीक व्हायचा. पण तो थांबायचा नाही, आणि तो थांबला नाही म्हणूनच माझी बोटं चालत राहायची.

शेडच्या दारात लोक उभे असायचे. त्यात एक म्हातारी रोज यायची. तिला नव्या वसाहतीत घर मिळालं होतं, पण तिचं नाव आमच्या मशीनमध्ये सापडत नव्हतं, आणि नाव नाही म्हणून पुढचं काहीच तिला मिळत नव्हतं. ती म्हणायची, "घर नवं दिलाव, लई चांगलं झालं. पर मी तर जुनीच हाय की. मला कामून वळखनात तुमी?" मी मान खाली घालून टाइप करत राहायचो.

विलास मात्र उठला. तिच्या गावच्या गठ्ठ्यात एका कागदावर कुणीतरी लाल शाईची दौत सांडली होती, आणि वाचता येत नाही म्हणून तो कागद बाजूला टाकलेला होता. गणपतीच्या आराशीतून उरलेला लाल जिलेटीन कागद त्यानं कुठून तरी पैदा केला आणि त्या डागावर धरला. लाल डाग नाहीसा झाला, खालची निळी अक्षरं काळी होऊन वर आली. म्हातारीचं नाव त्यात होतं. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्यासाठी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणायला लागली. दोघं शेजारी बसलेलो असताना ती भाकरी त्याच्याच हातात द्यायची. जळण्याची सुरुवात झाली असेल तर तिथून झाली.

तरी पोरगा चांगला, निर्व्यसनी, कष्टाळू, हे दिसत होतं. माझं लग्न झालेलं होतं आणि धाकट्या मेहुणीसाठी स्थळं बघणं चालू होतं. मीच मुदखेडला जाऊन मामांना सांगितलं. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मामा रेल्वेतून रिटायर झालेले, माणूस पारखून घेणारे. ते विलासला एकदा भेटले आणि परत येताना मला म्हणाले, "ह्यो तुमच्यापरीस सरस दिसायलाय." ते गमतीनं म्हणाले होते, असं बायको अजून सांगते.

आता धंद्याबद्दल थोडं सांगतो, नाही तर पुढचं कळायचं नाही.

कॉम्प्युटरचा डबा उघडला की आत एक मोठी पाटी असते, तिला बोर्ड म्हणतात. बाकी सगळे भाग त्या बोर्डावर खोचलेले असतात. विंडोज डिस्कवर राहते खरी, पण ती राहते त्या बोर्डाच्या सवयीनं. बोर्ड जळाला आणि नवा टाकायचा झाला तर त्याच जातीचा सहसा मिळत नाही, कारण बाजार तोवर पुढे गेलेला असतो. पुढच्या जातीचा टाकावा तर त्याला जुनी रॅम चालत नाही, प्रोसेसरही बसत नाही. गिऱ्हाईक आलेलं असतं एक भाग बदलायला आणि अर्धं मशीन बदलून जातं. एवढं करून जुनी डिस्क लावली की विंडोज नव्या बोर्डाला बघून बिचकते आणि निळा पडदा टाकते. मग डेटा बाजूला काढा, डिस्क पुसा, विंडोज नव्यानं चढवा. ह्याला सगळे 'फॉरमॅट मारणे' म्हणतात, आणि सगळ्यांना वाटतं की हे चहा होईपर्यंत उरकणारं काम आहे.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. विकत घेतलेल्या विंडोजला एक लांबलचक किल्ली असते, अक्षरं आणि आकडे मिसळलेली. ती एका चकचकीत स्टिकरवर छापून डब्याच्या कुशीवर चिकटवलेली असायची. ती टाकली की विंडोज कंपनीकडे विचारणा करते, आणि मशीनचे भाग बदललेले दिसले की तिला वाटतं, हे कुणी परकंच मशीन आपली किल्ली घेऊन आलंय. मग फोन लावायचा. आधी रेकॉर्ड केलेला आवाज, नंतर जिवंत माणूस. तो विचारतो, ही किल्ली किती मशीनवर टाकली? बोर्ड का बदलला, खराब झाला होता का? पडद्यावर आकड्यांचे गठ्ठे येतात, ते त्याला वाचून दाखवायचे. तो त्याच्याकडचे गठ्ठे वाचतो, ते आपण टाइप करायचे. मग विंडोज म्हणते, हं, तूच तो. पहिल्यांदा हा फोन केला तेव्हा मला शेडच्या दारातली म्हातारी आठवली होती.

अर्थात हे दुखणं पैसे मोजून घेणाऱ्यांचं. फुकटची विंडोज वापरणारे, म्हणजे तेव्हा बहुतेक सगळेच, खुशाल असायचे.

पैसे मोजून घेणाऱ्यांत इस्लापूरचे एक कृषी केंद्रवाले होते. बोर्ड जळाला तेव्हा ते किनवटकडच्या गाडीनं, डबा गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन आले. गोधडी सोडली तर डब्याच्या कुशीवर लालभडक जाड पापुद्रा. मी विचारलं, हे काय?

"पूजा हाय साहेब. दर खंडेनवमीला मी सोता लावतो. बाकी समदा डबा काळा. ह्या एका जागी चमकतं बी आन् नाव बी लिवलंय, म्हून तितंच लावतो."

ते बरोबरच होतं त्यांचं. खंडेनवमीला आपण हत्याराची पूजा करतो. वखराला लावतो, तराजूला लावतो, मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर लावतो. कॉम्प्युटरच्या डब्यावर कुंकू लावण्यासारखी एकच जागा दिसते, आणि ती नेमकी किल्ली असते. मी ओल्या फडक्यानं हलकेच पुसायला गेलो तर कुंकवाबरोबर छपाईही फडक्यावर आली. नशिबानं डिस्क शाबूत होती. ती दुसऱ्या मशीनला जोडली की आतली किल्ली वाचणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्यानं काम झालं. तेव्हापासून माझ्या दुकानाचा नियम ठरला. आधी किल्ली काढायची, डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहायची, आणि मगच डिस्कला हात लावायचा. नायगाव, मुदखेड, किनवट, जिथं जिथं म्हणून माझं गिऱ्हाईक आहे, तिथली झाकणं आतून लिहिलेली सापडतील. ह्या नियमाचा मला फार अभिमान होता. तो बघायला विलासनं यावं, एवढीच इच्छा होती.

पण विलासला वेळ कुठला? लातूरला क्लासचा जमाना आला होता. गावोगावची पोरं खोल्या करून राहायला लागली. मेस, झेरॉक्सची दुकानं आणि वसतिगृहं वाढली. प्रत्येक क्लासला हजेरीला मशीन, पावतीला मशीन, प्रश्नपत्रिकांना मशीन लागायचं. आणि मशीन म्हटलं की विलास. नांदेडलाही क्लास आले, पण जरा मागून आले, आणि काही तर आले तेच लातूरचे. म्हणजे नांदेडला शाखा काढायची आणि कॉम्प्युटरवाला लातूरहून आणायचा. माझ्या दुकानासमोरून विलासचा टेम्पो जायचा. तो थांबून हाक मारायचा, "दादा, चहा घेऊ या का?" मी घ्यायचो. चहाचे पैसे तोच द्यायचा, त्याचाही मला राग यायचा.

एका दिवाळीला आम्ही सगळे मुदखेडला जमलो होतो. मामांकडे मी दिलेला, मी बसवलेला कॉम्प्युटर होता. मी समोर पलंगावर बसलेलो असताना मामा विलासला म्हणाले, "विलासराव, ह्या मशीनचा आवाज लई यायलाय. जरा बघता का?"

विलास म्हणाला, "दादा हैत की मामा. त्यांनीच बसवलंय."

"असू द्या हो. ते घरचेच हैत."

म्हणजे मी घरचा, म्हणून मला विचारायचं नाही. विलासनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग उठून डबा उघडला, जुन्या दातांच्या ब्रशनं पंखा साफ केला आणि झाकण लावलं. झाकणाच्या आत मी मार्करनं लिहिलेली किल्ली त्याच्या डोळ्यांसमोर होती. ती कशासाठी लिहिली हे त्यानं विचारावं म्हणून मी वाट पाहिली. आवाज बंद झाला. मामांनी ते संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या चार घरांत सांगितलं.

आता मुख्य गोष्ट. लातूरच्या एका मोठ्या क्लासनं नांदेडला शाखा काढली. क्लासचे मालक बिराजदार सर, स्वतः फिजिक्स शिकवायचे. इंजिनीअरिंगची प्रवेश परीक्षा कॉम्प्युटरवर द्यायची सोय निघाली होती, म्हणून पोरांच्या सरावासाठी सरांनी एक अख्खी लॅब उभी केली. माझ्या दुकानापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. मी भेटायला गेलो, दर सांगितले, ते छान हसून म्हणाले, "आमचे विलासराव हैत ना. ते तुमचे पाव्हणेच लागतात म्हणं." लॅब विलासकडे गेली. ते काम मला किती हवं होतं हे लिहायला संकोच वाटतो. माझा गल्ला तेव्हा उतरत चालला होता, लोक मोबाईलवर जायला लागले होते, आणि एक मोठी लॅब हाताशी असती तर दुकानाची पुढची काही वर्षं निभावली असती.

उद्घाटन दसऱ्याच्या आसपास ठेवलं होतं. साडू म्हणून मला आमंत्रण. सरांच्या आईंनी एकेका मशीनला हळद-कुंकू लावलं. मी मागे, चपलांच्या ढिगाजवळ पेढा धरून उभा होतो. बायको कानाशी म्हणाली, "तोंड जरा सरळ करा, फोटो काढायलेत." तो फोटो विलासच्या दुकानात लावलेला आहे. त्यात माझा अर्धाच चेहरा आलाय आणि तोही सरळ नाही.

उन्हाळ्यात, परीक्षेच्या जरा आधी, अवकाळीचं वादळ आलं आणि क्लासच्या शेजारी वीज पडली. लॅबमधल्या निम्म्याहून जास्त मशीनचे बोर्ड गेले. विलास नवे बोर्ड, रॅम, प्रोसेसर असं सगळं खोक्यात भरून अहमदपूर-लोह्याच्या रस्त्यानं सकाळी पोचला. आणि दुपारी त्याचा मला फोन आला.

"दादा, जरा येता का? लई अडकलाव."

एवढ्या वर्षांत त्यानं मला कामासाठी पहिल्यांदा बोलावलं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि गेलो.

लॅबमध्ये सगळे डबे उघडे, आणि मधोमध बिराजदार सर तापलेले. "रविवारी पोरांची सराव परीक्षा हाय," ते म्हणाले. "आईबाप गावाहून पोरांना घेऊन यायलेत. मशीन चालू झाली नाहीत तर मी पुण्याची पार्टी बोलावतो. नांदेडचं काम तिलाच आणि लातूरचं बी तिलाच. आणि तुमच्यापैकी जो चालू करून देईल, त्याचं काम राहील." हे ते आमच्या दोघांकडे बघून म्हणाले. विलासचा चेहरा उतरला. त्याचं सगळं दुकानच ह्या क्लासवर उभं होतं. माझ्या मनात मात्र नांदेडची लॅब चमकून गेली, हे खोटं कशाला सांगू.

मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "विलास, अडचण काय आहे?"

"किल्ली. स्टिकर वाचता येऊनात."

सरांच्या आईंनी हात आखडता घेतला नव्हता. प्रत्येक स्टिकरवर हळद-कुंकवाचा वाळलेला लेप. क्लासात झाडलोट करणाऱ्या मावशींनी दोन स्टिकर ओल्या फडक्यानं पुसले होते, त्यांची अक्षरंही निघून गेली होती. विलासनं बाकीच्यांना हात लावू दिला नव्हता.

"डिस्कमधून काढू," मी म्हणालो. "एक छोटा प्रोग्राम आहे माझ्याकडे."

विलास खाली बघून म्हणाला, "डिस्का सकाळीच पुसल्या, दादा. सगळ्या."

त्या क्षणी मला जो आनंद झाला तसा माझ्या पोराच्या बारशालाही झाला नव्हता. मी सरांकडे वळलो आणि माझा नियम सांगितला, आधी किल्ली, मग फॉरमॅट. झाकणाच्या आत मार्करनं लिहून ठेवायचं, हेही सांगितलं. इस्लापूरच्या कृषी केंद्रवाल्यांची गोष्ट सांगितली. सावकाश सांगितली. सर म्हणाले, "हे सगळं बरोबर हाय हो. पर आता काय करायचं?"

आता काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं. डिस्क कोऱ्या होत्या, तिथं माझा नियम काय कामाचा? मी टॉर्च तिरपा धरून पाहिला, भिंगातून पाहिलं, लेपाखाली अक्षरं असल्याचं कळत होतं, पण एकही लागत नव्हतं. आनंद ओसरला आणि मी बाकावर बसलो. पुण्याची पार्टी आली तर नांदेड मलाही मिळणार नव्हतंच.

विलास एका डब्यासमोर उकिडवा बसून राहिला होता. मग उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं, तोंड धुवायला गेला असेल. तो आला तो हातात लाल जिलेटीन कागद घेऊन, समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून. त्यानं तो एका स्टिकरवर धरला, खाली वाकला आणि हाक मारली, "दादा, या."

मी वाकून पाहिलं. कुंकू नव्हतं. हळदही नव्हती. लाल उजेडात काळी अक्षरं एकामागून एक उभी होती.

"आठवतंय का?" तो म्हणाला.

आठवत होतं. शेड, सांडलेली शाई, म्हातारी, भाकरी, सगळं. एका मशीनवर बसून दोघांनी एकच गोष्ट पाहिली होती. इतकी वर्षं मला त्यातली भाकरीच लक्षात राहिली, आणि ह्याला कागद.

सरांना भलताच आनंद झाला. लाल रंग का नाहीसा होतो ते त्यांनी फळ्यावर आकृती काढून आम्हाला समजावून सांगितलं. पोरं ज्यासाठी एवढी फी भरतात तो तास आम्हाला फुकट मिळाला, पण आमचं लक्ष नव्हतं. विलास कागद धरून वाचायला लागला आणि मी टाइप करायला बसलो. ठरवलं नव्हतं, जागा आपोआप त्याच झाल्या. तो पाच-पाच अक्षरं म्हणायचा आणि थांबायचा, माझं झालं की मी 'हं' म्हणायचो. पूर्वीचाच ठेका. मध्ये एकदा तो म्हणाला, "दादा, तुमची बोटं अजून तशीच हैत." मी म्हटलं, "वाच पुढं."

विंडोज चढल्या, तशा त्या ओळख मागायला लागल्या. फोनचं काम मी घेतलं, कारण ते मी शेकड्यानं केलेलं. पलीकडे एक बाई होत्या. बोर्ड का बदलला? वीज पडली. ही किल्ली आणखी कुठल्या मशीनवर आहे? नाही, ह्याच मशीनची आहे, बोर्ड तेवढा नवा. मी आकडे वाचले, त्यांनी आकडे दिले, विलासनं टाइप केले. पुढच्या मशीनला पुन्हा फोन, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी नशिबानं फोन पुन्हा त्याच बाईंना लागला, तर त्यांनीच विचारलं, "नांदेड? बिजली?" मी म्हटलं, हो, तीच. मावशींनी पुसलेली दोन मशीन राहिली, त्यांच्यासाठी नवी विंडोज घ्यावी लागली. बाकी सगळी रविवारच्या आधी चालू झाली.

शनिवारी संध्याकाळी सर आले. रांगेनं सगळे पडदे उजळलेले पाहून ते म्हणाले, "वा. मग ह्याचं श्रेय कुणाचं? कुणाचं काम समजू मी हे?"

मी घसा साफ केला. कागदाची युक्ती त्याची होती, पण डिस्क पुसण्याची घाईही त्याचीच होती. फोन सगळे माझे होते. एकंदरीत माझं पारडं जड आहे हे नीट शब्दांत कसं मांडावं, ते मी जुळवत होतो.

विलास म्हणाला, "दादांचं. फोनचं समदं त्यांनीच निभावलं, मला त्यातलं काहीच येत नव्हतं. सर, नांदेडची लॅब दादांनाच द्या. हितं जवळचा माणूस पायजे. मी लातूरहून येईस्तोवर तुमची परीक्षा होऊन जाईल. दादा असते तर डिस्का पुसल्याच गेल्या नसत्या."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'बघू' म्हणालो, जणू मलाच विचार करायचा होता. सर म्हणाले, "ठरलं मग. नांदेड तुमचं, लातूर विलासरावांचं."

विलासला मी स्कूटरवर स्टँडला सोडलं. वाटेत त्यानं मामांच्या गुडघ्याची चौकशी केली. लॅबचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. बस सुटताना त्यानं खिडकीतून हात केला आणि मी स्कूटर वळवली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. जे मला इतके महिने हवं होतं ते मिळालं होतं, आणि माझा आवाज असा होता की तिनं आधी विचारलं, काही वाईट झालं का? सगळं ऐकून घेतल्यावर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "एक विचारू का? लातूरचं काम तुमच्याकडं असतं, आन् असंच झालं असतं, तर तुम्ही दिलं असतं का विलासरावांना?"

बायकोशी खोटं बोलण्यात अर्थ नसतो, तिला आधीच माहीत असतं. मी म्हणालो, "नसतं दिलं."

"मालूम हाय मला," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

लॅब माझ्याकडे पुढे बरीच वर्षं राहिली. दर खंडेनवमीला विलासचा फोन यायचा, अजूनही येतो. "दादा, कुंकू कुठं लावूलालेत?" मी सांगतो, डब्याच्या माथ्यावर, स्टिकर सोडून. आता तर स्टिकरही येत नाहीत, किल्ली बोर्डाच्या आतच असते, पण तो विचारतो आणि मी सांगतो.

लॅबच्या जोरावर मीही माझ्या दुकानाला काचेचं दार बसवलं. सोफा ठेवायला जागा नव्हती, पण दोन खुर्च्या आणल्या. विलास मुद्दाम बघायला आला. त्यानं दार दोनदा उघडलं, लावलं, काचेवरून हात फिरवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, हे आमच्या दादांचं दुकान, आणि आत येऊन चहा मागवला. त्याला खरोखर आनंद झाला होता. मी समोरच्या खुर्चीत बसून त्याच्या तोंडाकडे बारकाईनं बघत होतो, कुठं तरी, थोडंसं तरी, जळतंय का. चहा संपेपर्यंत बघितलं. काही दिसलं नाही.